उघडं की पाईप

सुट्टीचे अठ्ठावीस दिवस, त्यातले नऊ गेले.
अक्कलकोट रोडला, अंबादासकाकांच्या टॉवेल कारखान्यामागं
विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप घेऊन बसलेय.
स्क्रीनवर समुद्राच्या तळाखालचा चुनखडक,
त्यात बाराशे मीटर आडवी जाणारी माझी तेलविहीर,
अजून न खोदलेली.
सोमवारपर्यंत कळवायचंय :
सिमेंट करून केसिंग, चाळणीचा लायनर,
की काहीच नाही, नुसता खडक.

खाली साठ फुटांवर इरण्णा बिराजदार
आडवं बोअर मारतोय.
मागावर धोटा जातो तसा रॉड कातळात जातो,
फक्त फार सावकाश, आणि फार ओरडत.

"पाईप घालणार का?"
"काळ्या पाषाणाला कशाला ओ पाईप?
मागच्या चार बोअरात मी घातलो नाही.
पाषाण आपला आपण उभा राहतंय.
पाईप घातलो की बारक्या चिरांचं तोंड बंद,
पैसे देऊन पाणी अडवल्यासारखं."

हेच मी मागच्या मीटिंगला
चौदा स्लाइडमध्ये सांगितलं होतं.

मग चाळीस फुटांवर
राखाडी रबडी तांबडी झाली.
त्यानं मशीन थांबवलं. कारखान्यातले माग ऐकू यायला लागले.
चिमूटभर चिखल अंगठ्यानं चोळला, हुंगला.
"गेरू."
"मग?"
"उघडं ठेवलो तर आज गप बसेल.
ओला झाला की फुगून अख्खं बोअर गिळेल.
आत हात घालायला कोण जाणार?"

सातशे तीस मीटरवर माझ्याकडेही आहे,
चार मीटरचा शेलचा पट्टा.
फिकट रेघ. शेजारी माझ्याच अक्षरात : किरकोळ.

तो पाईपला ड्रिलनं भोकं पाडत बसला.
गेरूसमोर येणारा तुकडा मात्र कोरा ठेवला.
"आणि त्याच्या पुढं?"
"पुढं पाषाण. पुढं उघडंच की."

मी तो शब्द खोडला.
कोरा पाईप, दोन्ही टोकांना फुगणारे पॅकर, पुढे उघडा खडक :
खर्च वाढला, बॉस विचारणार.
काय सांगू, रबडी हुंगली म्हणून?

एका गोष्टीत मात्र इरण्णाचा उपयोग नाही.
माझ्या विहिरीत पाणी शिरलं
की तासाभरात तीन देशांतून फोन येतात.
इथं रॉड मागं ओढला, धार उसळली,
आणि चार कामगार पोरं कठड्यावर ओणवी होऊन
शिट्ट्या मारायला लागली.

"दीड इंच!" इरण्णा खालून ओरडला.
फाईल तशीच उघडी ठेवून मी बघायला उठले.