दोन जिने

आधी त्यांनी अंगठा शोधला.
म्हणजे माझ्या डोक्यातला.
कापडी टोपीवर टेप धरून नफिसाबाईंनी
निळ्या पेनाने फुल्या काढल्या,
आठच्या आकड्यासारखं चपटं यंत्र कवटीला टेकवलं,
आणि टक् —
मांडीवर निवांत पडलेला माझा उजवा अंगठा
मला न विचारता उडाला.

"सापडला," त्या म्हणाल्या.
मी अंगठ्याकडे बघत राहिलो.
यानेच सोनाराच्या काट्याकडे पाटली सरकवली,
यानेच रात्री दोनला पांघरुणात मोबाइलवर पत्ते ओढले.
मी म्हणायचो, मी नाही खेळत, हात खेळतो.
घरात कोणी मानायचं नाही.
आता पुरावा मिळाला, तर
आनंदही झाला नाही.

मग यंत्र चार बोटं पुढे सरकलं,
कपाळाच्या वर, डावीकडे,
जिथून म्हणे माणूस स्वतःला "पुरे" म्हणतो.
माझ्या त्या खोलीत कोणी राहत नसावं.
भाडं थकवून गेलं असावं.

मी मीटर रीडर. सत्तावीस वर्षं
गिरगाव ते भायखळा, जिन्यांखालच्या पेट्या उघडून
टॉर्च मारून आकडे उतरवले.
लोकांना ते युनिट. मला पत्ती.
एक, चार, सात : बारा : दुरी.
खेतवाडीतल्या एका म्हातारीच्या मीटरने एकदा
मला ओपन दिला, अकराशे रुपये.
तिचं नाव आठवत नाही.
मीटरचा नंबर अजून पाठ आहे.

डॉक्टर तरुण, चप्पल घासत चालणाऱ्या.
म्हणाल्या, काहींना फरक पडतो, काहींना नाही,
अभ्यास चालू आहे, हमी देत नाही.
मी विचारलं, "भाव काय?"
त्यांना वाटलं, फी विचारतोय.
"पालिकेचं रुग्णालय आहे हो, केसपेपरचेच पैसे."
वनमालाला बरोबर कळलं.
तिने मान फिरवली, खिडकीबाहेर.

चार सेकंद टकटकटकटक.
सव्वीस सेकंद काही नाही.
पहिल्या आठवड्यात ठोके मोजले, चाळीस,
आणि मनातल्या मनात चौका लावला.
दुखत नाही फारसं. सुतारपक्षी बसल्यासारखं,
दाढा वाजतात.
त्रास ठोक्यांचा नाहीच,
त्रास त्या सव्वीस सेकंदांचा,
जेव्हा काही लागत नाही, काही जात नाही,
आणि वर पंखा फिरतो.

नवव्या दिवशी वनमाला बाहेर बाकावर बसली होती.
मी आलो तर म्हणाली,
"आत कोण शिवतंय?"

आमच्या खोलीत, खिडकीखाली,
फरशीवर गंजाचे चार डाग आहेत.
तिच्या मशीनचे पाय.
एका गुरुवारी ती तळ्याला, माहेरी गेली असताना
मी ते एकट्याने तीन मजले उतरवलं,
जोडी पक्की होती म्हणून.
ती रोज तिथली लादी पुसते,
पण त्या जागेवर अजून काही ठेवलेलं नाही.
स्टूलसुद्धा.

"कोणी नाही," मी म्हणालो. "यंत्राचाच आवाज तसा."
तिने पिशवी उचलली.
"टाका फार घट्ट पडतोय.
ताण जरा सैल करायला सांगा त्यांना."

सतराव्या दिवशी, ड्यूटीवर, नळबाजार.
पेटी उघडली : तीन, पाच, आठ.
उतरवले. पेटी लावली. वर निघालो.
दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर बेरीज झाली.
झालीच. सोळा : छक्का.
पण दोन जिने उशिरा.

मी कठड्याला धरून तिथेच उभा.
आतून एक बाई म्हणाली, कोण पाहिजे?
काय सांगणार. मीटरवाला, म्हटलं.
मीटर तर खाली आहे, ती म्हणाली.

नफिसाबाईंना हे सगळं सांगितलं.
त्यांनी वहीत एक ओळ लिहिली, वाचू दिली नाही.
"उद्या साडेनऊला या," म्हणाल्या,
"आणि डोक्याला तेल लावून येत जाऊ नका,
फुल्या पुसल्या जातात."