टेप वाजेपर्यंत

मला इथे सगळे मुहन्दिस म्हणतात.
मी नाही. मी विहिरीत टेप सोडतो,
टोकाला पाणी लागलं की ती किर्र वाजते,
मग आकडा वाचतो, वहीत लिहितो.
पगार एवढ्याचाच.

बातिना किनाऱ्यावरच्या या गावात विहिरी चारशे बारा,
कागदावर एकशे नव्वद.
रमजानच्या आधी मस्कतहून नियम आला :
नवी विहीर खोदायची नाही,
जुनी हातभर खोल करायची तरी अर्ज,
पंपाला मीटर, मीटरला सील,
आणि जिला कागद नाही ती बुजवा.

मगरिबनंतर परिषदेची सभा बसली.
मी कोपऱ्यात, मांडीवर वही.
खल्फान बिन हुमैद उठले, लिंबांच्या बागेचे मालक,
दाढी मेंदीची, आवाज कोरड्या दोरासारखा.
म्हणाले, पणज्याच्या वेळी बैल उतारावरून खाली जायचा,
कातडी पखाल वर यायची,
लाकडी चाक रात्रभर करकरायचं, त्यावर पोरं झोपायची.
त्या चाकाला आम्ही मंजूर म्हणतो.

माझा पेन थांबला.
म्हणजे मोट. पण मंजूर?
आमच्याकडे या शब्दासाठी माणसं
तालुक्याला खेटे घालून चपला झिजवतात.
इथे तो विहिरीच्या तोंडावरच बसवलेला असायचा
बाभळीच्या लाकडाचा, तेल पाजलेला.

मग बोलणं वाढलं.
महामार्गापलीकडे गवताची कंपनी आहे,
तिच्या अकराही बोअरना परवाने,
प्लास्टिकच्या पाकिटात, इस्त्री केल्यासारखे.
शंबे बलोचला मात्र आठ खजुरांसाठी
तीन वेळा परत पाठवलं, फोटोची पार्श्वभूमी पांढरी नव्हती म्हणून.
सगळे हसले. शंबे हसला नाही.
ठराव झाला, नऊ विरुद्ध शून्य :
विहिरी आमच्या, मोजणीही आम्हीच करू,
मीटर लावायला येणाऱ्याला चहा द्यावा आणि परत पाठवावं.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या,
पण वही मांडीवर उघडी होती.
गेल्या वर्षी खारटपणा चार हजार, यंदा सात.
समुद्र गावापासून दोन किलोमीटर, असं नकाशा म्हणतो.
खालून तो कधीच बागांत राहायला आलाय,
कुणाची सही न घेता.

माझ्या खिशातलं राहण्याचं कार्ड नोव्हेंबरात संपतं.
परवाना काय असतो हे मला शिकवायला नको,
आणि तो नसला की माणूस कसा बुजवतात हेही.
म्हणून त्या रात्री मला ठरावही पटला
आणि नियमही,
आणि झोप लागली नाही.

पहाटे खल्फानचा फोन.
पंप रात्रभर बंद ठेवलाय, म्हणाले,
विहिरीला विसावा दिलाय, आता मोज.
त्यांनी टॉर्च धरला. मी टेप सोडत गेलो.
लिंबांची पानं कडेनं जळालेली, तांबडी.
वीस. पंचवीस. त्यांनी कान काठाला लावला
एखाद्या आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा.
अठ्ठावीस. टेप गप्प.

सुनेनं, रय्यानं, कॉफी पाठवली होती.
कॉफीत मीठ उतरलेलं.
दोघांनीही ती संपवली, खजूर न घेता.

एकतीसला किर्र झालं.
मी आकडा मोठ्यानं नाही सांगितला.
ते उभे राहिले, गुडघे झटकले,
कंपनीच्या हिरव्या पट्ट्याकडे बघत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, मुहन्दिस,
लिही.