पाण्यापुरतं गाव

टिंबल, वायोमिंग. लोकसंख्या दोनशे बारा,
असं पाटीवर आहे. पाटी मीच रंगवतो.
विल्मा ओस्टरहाउट म्हणते, दोनशे नऊ;
पण तिघांसाठी डबा उघडला
तर अख्खा सुकतो, म्हणून राहिलंय.

गाव नदीमुळे वसलं नाही, खाणीमुळे नाही.
इथवर येईतो इंजिनाला तहान लागायची,
एवढंच.
टाकी आधी उभी राहिली, मग टाकीवाला,
मग टाकीवाल्याची बायको, मग तिला बोलायला कुणीतरी.
शाळा, न्हावी, दोन चर्च आणि त्यांचं आपसातलं भांडण
सावकाश आलं.

डिझेलला तहान लागत नाही.
एका मंगळवारी गाडी थांबलीच नाही.
फलाटावर हॅम सँडविचेस मांडून पोरी उभ्या होत्या,
विल्माची आई त्यांतली एक.
सँडविचेस कुत्र्यांनी खाल्ली की पाद्र्यांनी
यावर गावात अजून एकमत नाही.

आता शनिवारी पाहुणे येतात,
हायवेवर वाट चुकलेले,
किंवा नातवाला इंजिनांचं वेड म्हणून.
तिकीट दोन डॉलर. सात ठिकाणं, सात खांब,
खांबांवरचे आकडे माझे.
एक: स्टेशन, रुळांपासून साठ फूट मागे ओढलेलं,
रुसलेल्या माणसासारखं अजून तिरकं.
तीन: गोल शेड, सहा घरांपैकी एकावर छप्पर.
चार: फिरता पूल. अख्खं इंजिन वळवायचा,
आज दोन पोरांनी ढकलला तरी फिरतो,
आणि पोरं ढकलतातच.
बाकीची पत्रकात बघा.

सहाव्यात हरवलेल्या सामानाची वही:
छत्र्या, एक व्हायोलिन, काचेचा डोळा, निळा,
आणि ‘टोपलीत कोंबडी, जिवंत’,
पुढे वेगळ्या शाईत ‘होती’.
इथे सगळे हसतात.

शेजारी पगाराची वही.
मॅकगिलिकडी, लुंडक्विस्ट, दोघे ब्रॅडी भाऊ,
प्रत्येकाचे दिवस, प्रत्येकाचे सेंट.
आणि तळाला एका ओळीत: चिनी टोळी, एकतीस.
पुढच्या पानावर तीच ओळ: सव्वीस.
कारण लिहिलेलं नाही.

बहुधा नेमकी तेव्हाच मालगाडी येते.
एकशे दहा डबे. कपाटाची काच थरथरते.
विल्मा वाक्य अर्ध्यावर धरून उभी राहते,
शिंपिणीनं दातांत सुई धरावी तशी.
शेवटचा डबा गेला
की बरोबर पुढच्या शब्दापासून सुरू.

रुळांपलीकडे झुडपांत पाच उंचवटे आहेत.
पत्रकात नाहीत. मागच्या शरदात ती म्हणाली,
आठवा खांब कर.
केला. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले.
मग ब्रश घेऊन उभा राहिलो, काय लिहू?
नावं कुणी विचारलीच नव्हती,
आणि आकडा त्यांना एकदा देऊन झाला होता,
पुन्हा द्यायला हात उचलेना.
खांब कोरा आहे.
पाहुणे विचारतात, रंगवायचा राहिला का?
विल्मा म्हणते, हो. राहिलाय.

फाटकाशी ड्रायव्हर भोंगा देतो,
दोन लांब, एक आखूड, एक लांब.
कायदा आहे म्हणून देतो, ती पाहुण्यांना सांगते,
आपल्यासाठी नाही.
आणि सांगता सांगता हात वर करते.