गाठ

मंगळवारी साडेदहाला दोसिंदा येते.
मालपिकाच्या धक्क्यावर हिनं चाळीस वर्षं
बोटींची फाटकी जाळी सांधली.
आता बोटं, ती म्हणते,
कुणा परक्याच्या हातमोज्यांत राहिलीत.

पोटातली गाठ औषधानं सोडवली;
हातातल्या गाठी
त्याच हिशेबात वळत्या झाल्या.

मी परातीत सुका घेवडा ओतते,
आत दडवते किल्ली, शिंपला, बटण.
डोळे मिटा. शोधा.
ती चाचपडते. खूप वेळ.
"नाणं."
बटण असतं.
"ठेव तुला," म्हणते, "कॉफीपुरतं होईल."

मग मऊ गादीवर, एका पायावर.
पाऊल टेकलंय का हे तिला
खाली वाकून बघावं लागतं,
शेजारणीचं पोर झोपलं का बघावं तसं.

"कधी येईल परत?"
नसा सावकाश वाढतात, मी सांगते,
कधी कधी नाहीच वाढत.
हे वाक्य मला
कॉलेजात शिकवलेल्या आवाजातच येतं.

या मंगळवारी तिनं परात बाजूला सारली.
पिशवीतून काढली लाकडी सुई,
हिरवा दोरा, जाळ्याचा तुकडा.
नऊ गाठी मारल्या. सात सुटल्या.
दोन मी ओढून पाहिल्या
नखं दुखेपर्यंत.

"आता तू."

मला जमेना.
सगळ्या नसा शाबूत, तरी दोरा निसटतोच.
"डोळे मीट," दोसिंदा म्हणाली,
"घाई नको,"
अगदी माझ्याच आवाजात.