छेद

नूकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
पानिंग्वाक एक भागाकार करते आहे.
वर, अंशस्थानी, सरकारचा उपभोग.
खाली, छेदस्थानी, सगळा देश.
मध्ये एक आडवी रेघ,
उत्तरेकडच्या फेब्रुवारीतल्या क्षितिजासारखी,
सूर्य तिच्यावर नुसता टेकतो
आणि निघून जातो.

उपभोग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं
लोडाला रेललेलं कुणीतरी,
बोटांत द्राक्षांचा घोस.
पानिंग्वाक तो रकाना उघडते
तर आत बसलेली असते इनालुक,
उपेर्नाविकच्याही वर, एकोणचाळीस माणसांच्या वस्तीतली मास्तरीण.
चार मुलं, तीन इयत्ता, एक नकाशा,
आणि शेंबूड पुसत पुसत
वजाबाकीत हातचा विसरणारा ऑलेरिक.

त्याच रकान्यात शाळा तापवायचं तेल.
अडलेल्या बाईला न्यायला येणारं,
वाऱ्यामुळे दोन दिवस न येणारं हेलिकॉप्टर.
सामायिक धुण्याघरातला मोडका नळ,
तो दुरुस्त करणारा,
त्याने प्यायलेली कॉफी बहुधा नाही.

म्हाताऱ्या अबियाचं पेन्शनही त्यात नाही.
ते या हातातून त्या हातात गेलं,
मोजायचं ते मिठाच्या दुकानात, त्याच्या नावावर.
पण त्याचा रक्तदाब बघणारी बाई आहे,
दंडाला गुंडाळायचा पट्टा आहे,
पट्ट्यातली हवासुद्धा आहे म्हणा ना.

शिकवण्याला बाजारात भाव नाही,
म्हणून नियम असा : जितका खर्च तितकंच मोल.
ऑलेरिकला ज्या दिवशी हातचा समजला
आणि तो बाकावर उभा राहून ओरडला
त्या दिवशी
आकड्यात काहीही वाढलं नाही.

यंदा भागाकार वाढला आहे.
बराच.

खाली कॅन्टीनमध्ये प्रेबेन म्हणाला,
'खातंय, खातंय सरकार. खाऊन खाऊन सुजलंय.'
पानिंग्वाकने सूप ढवळलं.
तिने सकाळीच तीनदा पाहिलं होतं,
अंश होता तिथेच आहे,
एक क्रोनही इकडचा तिकडे नाही.

छेद लहान झाला आहे.

छेद म्हणजे काय ते तिला लहानपणापासून ठाऊक.
बाप सळईने बर्फात पाडायचा तो,
काळ्या पाण्याचं, परातीएवढं भोक,
त्यातून दोर सोडायचा
खाली, खाली, जिथे हॅलिबट चपटा पडून असतो,
आणि ती कडेला बसून
कुत्र्यांना नावं ठेवायची, दोन्ही अर्थांनी.

रविवारी एनोकचा फोन आला होता.
बर्फ पातळ आहे, म्हणाला. लांबून वळसा घालून गेलो.
'किती सोडले होते?'
'चारशे आकडे.'
'आणि आले किती?'
थोडा वेळ नुसती खरखर.
'आकडे सगळे आले.'

तिने तक्त्याखाली एक ओळ लिहिली :
वाढ छेद घटल्याने.
दुपारी ती ओळ गाळून तक्ता परत आला.
जागा नाही, असा शेरा.
जागा होती. बोटभर होती.

मग अजून एक आठवलं, फोन ठेवता ठेवता
एनोकने सांगितलेलं, जणू काही विशेष नाही असं :
परतताना बर्फ उडायला लागला,
पुढचं कुत्रंही दिसेना,
गाडी तीनदा फिरून त्याच जागी.
मग शाळेची खिडकी दिसली.
पिवळी.
तिच्या रोखाने आलो.

'एवढ्या रात्री इनालुक शाळेत?'
'छे. घरी झोपलेली.
दिवा बंद करायला विसरली असणार.'

विसरली असणार.
त्या दिव्याचं बिल येईल,
आणि नियमाप्रमाणे
वर जाईल, अंशात.