दोन बोटं राख

दोना पावलाच्या टेकडीवर, चार अंशांच्या खोलीत
नळ्या आडव्या रचल्या आहेत.
प्रत्येकीवर आकडा, आणि वरची बाजू कुठली त्याचा बाण.
अंदमानच्या पश्चिमेकडून जहाजानं आणलेला गाळ
आम्ही उभा चिरतो. पिएदाद तार ओढते, मी नळी धरते.
हिरवट करडं, हिरवट करडं, एक शिंपला,
पुन्हा करडं,
सव्वादोन मीटरवर एकदम काळं.
दोन बोटं राख.

ती हातमोजा काढते, नियमात बसत नाही तरी,
चिमूट चोळते. "बारीक मिठासारखी टोचते गो."
तिला मीठ कळतं. नेवऱ्याला बापाचं आगर,
आता चारच खाचरं उरलेली.

इनासबाब एकदा इथं आले होते, लेकीचा विसरलेला डबा घेऊन.
भिंतीवरच्या नकाशात मी त्यांना बेटं दाखवली:
सुमात्रा, बॅरन, नार्कोंडम,
विळ्याच्या पात्यासारखी वाकलेली ओळ.
"ही कुणी आखली?"
म्हटलं, आपण.
पुस्तकात भूपट्ट म्हणतात, मी पाटी म्हटलं.
तुमचं आगर, ही टेकडी, सगळं जिच्यावर आहे ती पाटी
नखं वाढतात त्या चालीनं सरकते,
आणि तिची पलीकडची कड दुसऱ्या पाटीखाली घुसते.
शंभरेक किलोमीटर खोल गेली
की तिच्या डोक्यावर डोंगर फुटतात.
कड वाकडी, म्हणून ओळ वाकडी.

"खाली आग असते, म्हणून?"

नाही. खाली दगड तापलेलाच असतो,
पण एवढ्या दाबाखाली वितळत नाही, हूं की चूं करत नाही.
कड जाताना समुद्र घेऊन जाते,
भिजलेला गाळ, दगडाच्या कणाकणांत मुरलेलं पाणी.
खोलात तिला ते धरवत नाही.
पाणी सुटतं, वरच्या कोरड्या दगडात शिरतं,
आणि तो
पाघळायला लागतो.

इनासबाब हसले नाहीत.
"बेतीच्या धक्क्यावर बर्फात मीठ घालतात, आमचंच.
बर्फ थंडच असतो की. तरी सुटतो."
अकरा वर्षं मी पोरांना फळ्यावर बाण काढून दाखवत होते.

आपल्याकडे काही फुटत नाही.
मिरामारला लाट येते, भेळेचा कागद उचलते, ठेवते.
आपण कुठल्याच कडेवर नाही.
आपण नुसते ढकलले जातोय, ईशान्येला, बसल्या जागी.

वहीत लिहिते: काळी राख, काचेचे कण, खालची रेघ ठळक.
कुठला डोंगर ते ठाऊक नाही. प्रश्नचिन्ह.
हा गाळही तिकडेच निघाला होता,
खाली जायच्या रांगेत.
आम्ही त्यातला सहा मीटर मध्येच उतरवून घेतला,
डोंगर व्हायच्या आधी.

पिएदाद बोटं धुते.
काळं पाणी फिरत मोरीत जातं,
मोरीतून जुवारीत, जुवारीतून दर्यात.
"गेली परत," ती म्हणते.
पण हा पश्चिमेचा दर्या.
तिला फार लांबचा फेरा पडणार.