अनुस्वार

वागळे इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी स्क्रू बनायचे
त्या शेडमध्ये आता जुनं निऑन टांगलंय.
तिकीट दीडशे, ज्येष्ठांना पाऊणशे.
एझ्राकाका म्हणाले, पाऊणशेत आम्ही
अख्खं 'हॉटेल' वाकवून द्यायचो, अर्धचंद्रासकट.

शनिवार होता.
काका शनिवारी रिक्षात बसतात, पाकीट उघडतात,
मटण कुणी कापलं तेही हल्ली विचारत नाहीत,
पण शुक्रवारचा सूर्य बुडाला
की विजेला हात नाही.
पणजोबांचा झिराडला तेलाचा घाणा होता,
शनिवारी बैल सुटा.
तेवढा एक नियम मागे राहिला, म्हणतात,
बाकीचे पोरांबरोबर अश्दोदला गेले.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावरची.
लहानपणी शनिवारी जिन्यातून हाक यायची नाही,
नुसतं वाक्य यायचं:
'अंधार झाला.'
मागायचं नाही, सांगायचं नाही, एवढंच.
मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर जायचे,
खटका दाबायचे,
तळहातावर एक खजूर पडायचा.

आत लाल, जांभळी, पिस्त्याच्या रंगाची अक्षरं.
बाटलीत माशी अडकावी तसा ट्रान्सफॉर्मरचा आवाज.
कॉलेजची पोरं 'बूट' या शब्दाखाली फोटो काढत होती.
काका मात्र प्रत्येक पाटीच्या मागे जाऊन वाकले,
साडी उलटी करून काठ पाहावा तसे.

'देवनागरी काचेला मानवत नाही गं.
इंग्रजी अक्षर सुटं. आपल्या डोक्यावर रेघ.
रेघेवरून खाली उतरायचं, अक्षर फिरायचं,
वर यायचं, पुढच्या अक्षराला जायचं,
आणि मधली वाट काळ्या रंगानं बुजवायची.'
मग त्या काळ्याच्या आत?
'जळतच असतो.
त्याला काय ठाऊक, रंग लावलाय म्हणून.'

कोपऱ्यात एक विझलेली पाटी.
खाली कार्ड: नीळकंठ रसवंती. निऑन.
कारागीर अज्ञात. कृपया बटण दाबा.

काका बटणासमोर. हात पाठीशी बांधलेले.
बराच वेळ.
मग छताकडे बघत, कुणालाच नाही असं:
'अंधार आहे इथे.'

बावन्न वर्षांची मी
तीन पावलं धावले.

आधी ठ फडफडला. मग नी, वेलांटीसकट.
मग ळ,
ज्याच्या दोन पोटांपायी एका दुपारी सात नळ्या फुटल्या,
मालकाची आई दोनदा चहा घेऊन आली.
सगळं निळं.
उसाच्या रसाला निळं कशाला, मालक भांडला होता.
नावाला जागायला नको का, असं म्हणत
सत्तावीस वर्षांच्या एझ्रा झिराडकरनं
नळीत पाऱ्याचा थेंब सोडला होता.

टिंब लागलं नाही.
नीळकठ, असं वाचत राहिलो दोघं.
टिंबाला वेगळी नळी, वेगळी दोन टोकं, वेगळी वायर.
बोराएवढ्या ठिपक्याला अक्षराइतकी मेहनत,
आणि जाताना पहिलं तेच जातं.

मला वाटलं, 'अज्ञात' शब्दापाशी ते थांबतील.
ते आधीच्या शब्दापाशी थांबले.
काउंटरवरच्या मुलीला बोलावलं,
बिल्ल्यावर नाव शर्वाणी तांडेल.
'हे निऑन नाही. निऑन लाल असतो.
हा आर्गॉन. शाळेत सहली आणता ना इथे?'
तिनं बॉलपेननं निऑन खोडलं, आर्गॉन लिहिलं,
पेन तसंच धरून विचारलं, आणि कारागीर?
'टिंब लागत नाही तोवर राहू दे.
सोमवारी येतो. मल्टिमीटर आहे का तुमच्याकडे?'

बाहेर येऊरच्या अंगाला उजेड संपत आला होता.
तीन तारे दिसले की शनिवार सुटतो,
मग घरचा दिवा त्यांचा ते लावू शकतात.
एक दिसला. दुसरा पाण्याच्या टाकीवर.
मी बोट दाखवलं, तो बघा तिसरा,
त्या नव्या टॉवरच्या डोक्यावर.
काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.
'लाल आहे,' म्हणाले,
'म्हणजे तो निऑन. थांबू.'